गच्चीवरचे बूट

यवतमाळ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बबिता,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण माझा फोन दिवसभर आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उशाशी असतो, कीर्तन लावलेला. मध्येच कुणाचा फोन आला तर त्या स्वतःच उचलतात आणि सगळ्या खोलीला ऐकवतात. शिवाय तुझ्या क्वार्टरला रेंज नाही.

विचारायचं आहे ते एवढंच: डोंगर चालायला हलके ट्रेल रनिंगचे शूज घ्यावेत, की घोट्यापर्यंतचे चामडी बूट?

झालं असं की मंदारने माझ्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला मला न विचारता माझं नाव एका ट्रेकला घातलं. नागपूरचा बायकांचा गट आहे. २ मे ला सकाळी नागपूरहून निघायचं, उत्तराखंडात दहा दिवस. तुला ठाऊक आहे, चार वर्षांपूर्वी आईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पलंगावर आहेत. त्या चार वर्षांत मी एक रात्रही घराबाहेर राहिलेली नाही. म्हणून मंदार म्हणाला, "आई, तू नाही म्हणायच्या आत पैसे भरले."

मंदारचे बाबा, नंदकिशोर, म्हणाले, "बघ, जमलं तर जा." हे वाक्य मी रोजनिशीत उतरवून ठेवलं आणि त्यात नकार शोधला. सापडला नाही. मग होकार शोधला. तोही नव्हता. माझ्या नणंद विमलताई, राजूरला असतात, त्या दहा दिवस येऊन राहते असं तोंडी म्हणाल्या आहेत. आईंना अजून कुणीच काही सांगितलेलं नाही. ते काम माझं आहे आणि मी ते रोज उद्यावर टाकते.

गटाच्या यादीत लिहिलं आहे की पादत्राणं नवी चालणार नाहीत, निदान सहा आठवडे वापरलेली हवीत. मंदार म्हणतो हलके शूज. दत्त चौकातला दुकानदार म्हणतो बूट. मी दोघांचं ऐकून घरी येते आणि कोथिंबीर निवडत बसते.

तू बावीस वर्षं वनरक्षक आहेस. हॉस्टेलात माझ्या चपलासुद्धा तूच निवडायचीस. सांग.

तुझी,
आभा


केळापूर
१८ फेब्रुवारी

आभे,

जय सेवालाल. तुझं पत्र पोस्टमननं नाक्यावर आणून देल्लं. सगळा स्टाफ जमा झाला. रूपसिंग म्हणे, "मॅडमले कोर्टाची नोटीस आली वाटते." म्या म्हटलं, नोटीसच हाय बाबा, मैत्रिणीची.

हॉस्टेलात तू माझं 'मी जातो' दुरुस्त करत होती. आता करू नको. त्याचंही वय झालं अन् माझंही.

बूट घे. याच्यात इचार करासारखं काही नाही. हलक्या शूजमंदी पाय हलका पडते, हे खरं. ओला झाला तर लवकर वाळते. दिवसभर चाललं तरी मांड्या भरून येत नाही. आमच्या डिपार्टमेंटचा बूट म्हणजे पायाले बांधलेली वीट. पावसात काळी माती लागली का दोन विटा. सगळं कबूल. पण गोट्यावर पाय पडला अन् मुरगळला, तर हलका शूज काहीच कामाचा नाही. घोटा उघडा तो उघडा. बाभळीचा काटा त्याच्या तळातून सरळ पायात येते. अन् तू पडली त उचलाले कोण येईन, हा इचार करूनच माणसानं पायात काय घालाचं ते ठरवावं.

एक नंबर मोठा घे. संध्याकाळी जाऊन घे, तवा पाय सुजलेला असते. जाड मोजे घालून घे. मंग सहा आठवडे घरातल्या घरात घालून फिर. चामडं पायाले ओळखाले वेळ लागते.

मी मजेत. रोज दहा-बारा किलोमीटर गस्तीचं बीट चालतो. पळस फुलून राह्यला. नाल्याले अजून पाणी हाय. माझा पोरगा जीवन नोकरीवर लागला पुण्याले, त्यानं पगारातून मले काय काय पाठवलं. ते मंग कधी.

अन् सासूले सांगून टाक. लपवलेलं चालत नाही.

बबिता


यवतमाळ
६ मार्च

प्रिय बबिता,

बूट घेतले. संध्याकाळी, एक नंबर मोठे, जाड मोज्यांवर. तुझा प्रत्येक शब्द पाळला, एक सोडून. घरातल्या घरात घालता येत नाहीत.

आमच्याकडे चामडं उंबरठ्याच्या आत येत नाही. नंदकिशोरांचा पट्टासुद्धा ओसरीवरच्या खुंटीला असतो. आईंच्या पलंगावरून समोर देवघर दिसतं, आणि त्यांचे कान चोवीस तास उघडे असतात. स्वयंपाकघरात मी कोणता डबा उघडला हे त्या आवाजावरून सांगतात. आणि बाहेर घालावेत, तर शेजारच्या बायका विचारणार, "काय हो, पोलिसात लागल्या का?" आणि संध्याकाळपर्यंत ते आईंपर्यंत पोचणार.

म्हणून गच्ची. गच्चीचा जिना बाहेरून आहे. पहाटे साडेपाचला आईंचं सगळं आवरलं की मी बूट हातात घेऊन वर जाते, तिथे घालते आणि फेऱ्या मारते. एक फेरी बेचाळीस पावलांची. पाठीवर मंदारची जुनी सॅक, तिच्यात पाण्याच्या चार बाटल्या. कपडे वाळत घालायच्या तारेखालून प्रत्येक फेरीला मान वाकवावी लागते. हिमालयाची तयारी म्हणून मी रोज स्वतःच्याच घराच्या डोक्यावर गोल फिरते. हसलीस तरी चालेल.

चौथ्या दिवशी आईंनी विचारलं, "वर काय धपधप वाजतं?" मी दुधाजवळ उभी होते. माझं उत्तर तयार व्हायच्या आत नंदकिशोर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "माकडं आहेत, आई."

त्यांना माहीत होतं तर. मला त्यांचा राग यावा की आभार मानावेत, हे अजून ठरलेलं नाही. त्यांनी मला वाचवलं हे खरं. पण त्या क्षणी मी "आई, मीच आहे" म्हणू शकले असते, ती जागाही गेली. आता खरं सांगायचं तर त्यांना खोटं पाडावं लागेल.

पुढचं ऐक. आई म्हणाल्या, "माकडं म्हणजे मारुतीरायाचं रूप. शनिवारी वर गूळ-फुटाणे ठेवत जा गं." आता दर शनिवारी मी वाटी घेऊन वर जाते आणि ती रिकामी खाली आणते. गेल्या शनिवारी फुटाणे मीच खाल्ले. सगळे. चालून भूक लागली होती. माकडाच्या नावाचा नैवेद्य खाल्ला म्हणून दिवसभर आईंच्या डोळ्यांत बघवेना.

डाव्या टाचेला फोड आला आहे. हे बूट योग्य नाहीत की माझा पाय, ते कळत नाही.

आभा


केळापूर
१७ मार्च

आभे,

तुझं पत्र वाचून इतकी हसली का नाक्यावरच्या गाडीवाल्यानं इचारलं, "मॅडम, जाऊ का थांबू?"

फोडाले सुई लावू नको. रात्री तूप लाव. नाडी वरून दोन छिद्रं ढिली बांध. टाच हलली का फोड येते, बूट वाईट नाही. सोडू नको.

होळीले तांड्यावर गेलती, नेरकडे. लेंगीची गाणी झाली, सगळ्या बाया नाचल्या. याडी, माय माझी, म्हणे, "तू काहून बसून राह्यली?" यंदा मी नाही नाचली. दमलती. ड्युटी जास्त हाय सध्या.

तू तुझ्या सासूले अजून सांगितलं नाही. मानीबाई, आमची याडी, तिले मी तुझी गोष्ट सांगितली. ते म्हणे, "सासूचे कान एवढे तिखट हाय, अन् तिले माणूस अन् माकड समजत नाही व्हय?"

इचार कर.

बबिता


यवतमाळ
३० मार्च, पाडवा

प्रिय बबिता,

तुझ्या आईचं वाक्य वाचून दोन दिवस झोप लागली नाही. मग स्वतःला समजावलं की आईंचं वय एक्याऐंशी आहे.

आता नवीन पेच. मंदारने न विचारता हलके शूजही पाठवले. निळे, आत हात घातला तर पीस उचलल्यासारखे. मी दोन दिवस ते घालून चालले. बबिता, त्यांचा आवाजच होत नाही. घोटा मोकळा, फोड नाही, पंच्याहत्तर फेऱ्या झाल्या तरी कळलं नाही. पहिल्यांदा वाटलं की मी खरंच जाऊ शकेन.

तिसऱ्या दिवशी आईंनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, "दोन दिवस माकड आलं नाही. आजारी पडलं असेल का? विजेच्या तारेला तर नाही ना चिकटलं?" दुपारपर्यंत तेच. डोळ्यांत पाणी. नंदकिशोर कोर्टातून आल्यावर त्यांनाही तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा बूट चढवले. खाली आले तर त्या उशाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आलं बाई."

आता सांग, यात मी काय निवडायचं? हलके शूज घातले तर मी त्यांच्यापासून लपते. बूट घातले तर सापडते, पण माकड म्हणून. आणि प्रश्न फक्त चालण्याचा आहे असं मी अजूनही स्वतःला सांगते आहे.

मला तुझ्यासोबत एकदा खऱ्या जमिनीवर चालून बघायचं आहे. ६ एप्रिलला रविवार आहे, नंदकिशोर घरी असतील. पहिल्या गाडीने पांढरकवड्याला येते, तिथून केळापूर. अभयारण्यात पायी जाता येत नाही हे माहीत आहे. बाहेरच्या टेकडीवर जाऊ. एका पायात बूट, एका पायात शूज घालून तासभर चालते आणि तू बघून सांग. संध्याकाळच्या गाडीने परत. यायला हो म्हण.

आभा


केळापूर
३ एप्रिल

आभे,

येऊ नको.

चार वेळा कागद फाडला. आता एका दमात लिहितो.

मी बीट चालत नाही. नोव्हेंबरपासून नाही. पळस फुलला, नाल्याले पाणी हाय, हे मी दुसऱ्या गार्डले इचारून तुले लिहिलं. मी नाक्यावर खुर्चीत बसतो. गाडी आली का बांबू वर, गेली का बांबू खाली. वहीत नंबर. तू घरात अडकली, मी बांबूजवळ.

जीवननं दिवाळीले शूज पाठवलते. तुझ्या मंदारसारखेच, हलके. मले लय आवडले. बावीस वर्षं विटा बांधून चालली, म्हटलं आता पोरानं देल्ले त घालू. तिसऱ्याच दिवशी नाल्यात गोट्यावर पाय गेला. घोटा दोन ठिकाणी मोडला. एकटी होती. वॉकीटॉकीची बॅटरी उतरलेली. चार घंटे पडून होती, उन्हात. समोरच्या चिखलात वाघाचा पंजा होता, ताजा. चार घंटे मी त्याच्याकडं पाहत होती अन् तो वाळत होता.

आता हाडात पट्टी टाकलेली हाय. काठी घेऊन चालतो. साहेब म्हणते, "बबिताबाई, रिटायर होईस्तोवर आरामात बसा." त्याले वाटते तो चांगलं करून राह्यला.

तुले मी छातीठोक सांगितलं का बूटच घे. खरं सांगू? बूट असते त घोटा वाचला असता का, मले माहीत नाही. डॉक्टरले इचारलं, तो म्हणे सांगता येत नाही. जीवनले त मी सांगितलंच नाही का त्याच्या शूजनं पडली. त्याले वाटते गाडीवरून पडली. म्हणून तुले बूट सांगितले. तुझा पाय दिसत नव्हता मले. माझाच दिसत होता.

लपवलेलं चालत नाही, हे मीच तुले लिहिलतं. वाचून हसली अशीन तू आता.

एक इचारतो, राग मानू नको. दोन महिने झाले. तुले शूज निवडाचे हाय, का जाणं टाळाचं हाय?

बबिता


यवतमाळ
२० एप्रिल

प्रिय बबिता,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिता यावं म्हणून थांबले होते.

आधी हे: "येऊ नको" वाचलं तेव्हा, पुढचं वाचायच्या आत, मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिते आहे कारण न लिहिणं सोपं आहे. मग पुढचं वाचलं आणि त्या सुटकेची लाज वाटली. तू चार तास पडून होतीस आणि पत्रांतून मी तुला टाचेच्या फोडाबद्दल विचारत होते.

प्रश्नाचं उत्तर, हो. टाळायचं होतं. १२ तारखेला विमलताईंनी कळवलं की गुडघे दुखतात, उन्हात प्रवास होणार नाही. मी "काळजी करू नका, ताई" म्हणाले आणि मला तेच पुन्हा वाटलं, सुटल्यासारखं. कोंडलेल्या माणसाला दार बंद झाल्यावर सुटल्यासारखं वाटावं, याला काय म्हणावं? मंदारला 'यंदा जमत नाही' असं कळवायचं वाक्यही रोजनिशीत तयार करून ठेवलं.

बुधवारी हलके शूज धुऊन कठड्यावर वाळत ठेवले. परत करायचे होते. खाली आले, कणीक मळली, वर गेले तर गच्चीवर वानरं. खरी. काळतोंडी, लांब शेपटीची, पाच-सहा. दीड महिना फुटाण्यांचा वास घेत असणार. एक मोठं कठड्यावर बसलं होतं, मांडीवर माझा डावा शूज घेऊन, नाडी चावत. मी "अगं बाई" म्हणाले. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि शूज घेऊन शेजारच्या कडुनिंबावर गेलं, तिथून कुठे ते दिसलं नाही. मी गच्चीवर उभी राहून हसले, आणि मग का कोण जाणे, रडले.

खाली आले तर आई म्हणाल्या, "आज खरी आलीत वाटतं."

मी दारात थांबले.

"तुझं माकड वळताना थांबतं," त्या म्हणाल्या. "तारेपाशी. प्रत्येक फेरीला. खरं माकड कशाला थांबेल? सोमवारी बासष्ट झाल्या, काल चाळीसच. दमलीस, की मन नव्हतं?"

बबिता, त्या मोजत होत्या. पहिल्या आठवड्यापासून.

"आणि ती नागपूरची बाई रोज बोलून निरोप पाठवते," त्या म्हणाल्या. "पाणी किती घ्या, मोजे कोणते घ्या. फोन माझ्याकडे असतो गं. मीच ऐकते सगळे."

मी तुला पत्रं लिहीत राहिले फोन टाळायला, आणि गटाचे निरोप दोन महिने त्यांच्या उशाशी वाजत होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली. आणि खरं सांगू? सकाळी ऐकायला काहीतरी होतं. सांगितलं असतं तर बंद केलं असतंस." मग म्हणाल्या, "विमल येते आहे तीस तारखेला. मी फोन केला तिला. म्हटलं, आई मेली की दहा दिवस येऊन बसशीलच ना? मग आत्ता ये. निदान बोलता तरी येईल."

मला काय वाटलं ते अजून लिहिता येत नाही. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही. आणि शूजही एकच उरला आहे.

जीवनला खरं सांग. मी सांगते म्हणून नव्हे. तू मला सांगितल्यावर तुझं अक्षर सरळ झालं, म्हणून.

आभा


केळापूर
२५ एप्रिल

आभे,

वानराले माझा नमस्कार सांग. आपण दोघी शिकलेल्या बाया, अन् निकाल त्यानं लावला.

जीवनले सांगितलं. पांढरकवड्याहून फोन लावला पोराले. मंग म्हणे, "याडी, मी पंधरा शूज पाहून तो निवडलता." म्या म्हटलं, म्हणूनच सांगत नव्हती रे. आता येते म्हणते रविवारी.

पेटीतून डिपार्टमेंटचे बूट काढले. पॉलिश केले. घालून खुर्चीत बसतो. रूपसिंग म्हणे, "मॅडम, बसाले बूट कायले?" म्या म्हटलं, चामडं पाय विसरते रे. काल बांबूपासून वडापर्यंत गेली अन् आली, काठीनं. घाम फुटला. वडापर्यंत म्हणजे तुझ्या गच्चीच्या चार फेऱ्या समज. पुढचं पाऊ.

तू गेली तर तिथून पत्र टाक. नाही गेली तरी टाक.

बबिता


नागपूर
१ मे, संध्याकाळी

प्रिय बबिता,

एका शाळेच्या खोलीत गटातल्या नऊ बायकांबरोबर बसून लिहिते आहे. गाडी सकाळी आहे. बस कळंबला थांबली तेव्हा उतरून परतीच्या फलाटाकडे पाहिलं. पाहिलं एवढंच.

सकाळचं सांगते. सॅक भरून ओसरीवर ठेवली होती. बूट पायरीखाली होते. मी आईंना नमस्कार करायला आत गेले. विमलताई कॉटच्या खाली टॉवेल शोधत होत्या आणि मला दोनदा विचारून झालं होतं की औषधाची लाल गोळी जेवणाआधी की नंतर.

आई म्हणाल्या, "बूट कुठेत?"

"बाहेर."

"घालून आत ये."

मी देवघराकडे पाहिलं. विमलताई म्हणाल्या, "आई, काहीतरीच काय! चामडं आहे ते."

"मला माहीत आहे काय आहे ते. दोन महिने डोक्यावर वाजतंय. एकदा जमिनीवर ऐकू दे."

मी ओसरीवर बसून नाड्या बांधल्या, तू लिहिलंस तशा, वरची दोन छिद्रं ढिली. उंबरठ्याशी पाय अडलाच. नंदकिशोर खुंटीवरचा पट्टा घेऊन तिथेच उभे होते. थोडे बाजूला सरकले. मी आत गेले, पलंगापर्यंत, फरशीवर टक टक करत, चोरासारखी. आईंनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "हळू चालू नकोस. गच्चीवर चालतेस तशी चाल." मग मी वळले आणि तशी चालले. माजघर, ओसरी, तीन पायऱ्या, अंगण. मागून आवाज आला, "येशील तेव्हाही घालूनच ये गं. म्हणजे कळेल."

बसमध्ये वर्ध्यापर्यंत हेच उलटसुलट करत होते. ही परवानगी होती, की मी परत यायचं आहे याची आठवण? दोन्ही असेल. त्यांनाही ठाऊक नसेल. रोजनिशीत प्रश्न लिहिला आणि खाली जागा सोडली.

पण तुला सांगायचं आहे ते फाटकापाशी घडलं. फाटक लावून मी रस्त्यावर आले आणि थांबले. नेहमीसारखी, तारेपाशी थांबते तशी. मागे जायचं कारण सुचावं म्हणून थांबले होते हे तुझ्यापासून लपवत नाही. गॅस, गोळ्या, दूध, काहीही. घरातून कुणी हाक मारली नाही. मग लक्षात आलं की आत त्यांना माझी पावलं फाटकापर्यंतच ऐकू आली असणार. त्यापुढे आवाज पोचत नाही. मी इथे उभी आहे की कोपऱ्यावर गेले, आत सगळं सारखंच. त्यांच्या कानांच्या लेखी मी केव्हाच निघून गेले होते. फक्त मीच तिथे उभी होते, बंद फाटकाच्या बाहेर, बूट घालून.

कडुनिंबाखाली माझा निळा शूज पडला होता, चावलेला. उचलला नाही.

मग चालायला लागले. स्टँडपर्यंत किती पावलं झाली ते मोजलं नाही.

तुझी,
आभा